गच्चीवरचा ब्रेड

एप्रिलचे शेवटचे दिवस होते. शाळेत निकालपत्रकांचे काम चालू होते, आणि दुपारी चारच्या सुमारास डोक्याला ओढणी गुंडाळून मी भुसावळच्या त्या उन्हातून घरी आले. पारा ४४ च्या पुढे गेलेला होता. अशा वेळी आमच्याकडे रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. घराचे दार नुसते लोटलेले होते, पंखा चालू होता आणि सासूबाई कुठेच दिसत नव्हत्या. जिन्याचे दार उघडे पाहून छातीत धस्स झाले. वर गेले तर त्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाय पसरून बसल्या होत्या, हातात कावळे हाकायची काठी होती आणि समोर रणरणत्या उन्हात खाट टाकलेली होती. खाटेवर जुन्या लुगड्याचा धुवट तुकडा अंथरलेला, त्यावर चार-चारच्या चार रांगांत ब्रेडचे स्लाइस मांडलेले, वरून माझीच एक पातळ ओढणी आणि तिच्या चार कोपऱ्यांवर चार दगड. स्लाइस कडांनी वर उचलले जाऊन कौलांसारखे वाकले होते. पंधरा दिवसांपूर्वी मी हा ब्रेड मोठ्या काळजीने फ्रीझरमध्ये ठेवला होता.

‘आई, हे काय केलंत तुम्ही?’ मी इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या गच्चीवरचे कबुतर उडाले. सासूबाई पारोळ्याकडच्या आहेत. भुसावळात पन्नास वर्षे काढूनही त्यांची अहिराणी तशीच्या तशी आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘त्याले पानी सुटेल व्हतं, माय. सडी जातं ना.’ त्यावर मी बरेच काही बोलले. ८२ वर्षांच्या बाईने भर उन्हात जिना चढू नये, चक्कर आली असती तर, घरात कोणी नव्हते, असे सगळे बोलले. ते सगळे खरे होते. पण माझा आवाज त्या काळजीने चढलेला नव्हता. तो ब्रेडसाठी चढला होता. हे मला बोलता बोलताच कळत होते, आणि बहुधा त्यांनाही कळत होते.

त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी काठी उचलून खाटेच्या कडेला लावली.

आमच्या घरात ब्रेड रोजचा नव्हे. खानदेशातल्या बहुतेक घरांत तो आजाऱ्याचेच खाणे समजला जात असे, अजूनही पुष्कळ ठिकाणी समजला जातो. माझे माहेर रेल्वे क्वार्टरमधले. वडील लोको शेडमध्ये होते. ताप आला की ते ड्यूटीवरून येताना बाजारपेठेतल्या बेकरीतून मेणकागदात गुंडाळलेला ब्रेड आणत. तो दुधात बुडवून खाताना आजाराचेही काही चांगले असते असे वाटायचे. भावंडांना त्यातला एकेक तुकडा मिळायचा, आणि मेणकागद मात्र कोणाला मिळावा यावर भांडण व्हायचे, कारण तो बुडाखाली घेतला की शाळेतल्या घसरगुंडीवरून विजेसारखे खाली येता यायचे. त्या काळी ब्रेड साठवण्याचा प्रश्नच नव्हता. पाच माणसांच्या घरात तो संध्याकाळपर्यंत उरतच नसे. साठवण्याचा प्रश्न रिकाम्या होत चाललेल्या घरांत पडतो. आता यजमान नोकरीसाठी नाशिकला आहेत, मुलगा पुण्याला, आणि इथे आम्ही दोघी. मागच्या हिवाळ्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला, त्यानंतर त्यांना कळण्याची भाकरी चावेनाशी झाली आणि सकाळी दुधात भिजवलेले दोन स्लाइस हा त्यांचा नियम झाला. ४०० ग्रॅमच्या पुड्यात सोळा-सतरा स्लाइस येतात. दिवसाला दोन या हिशेबाने पुडा आठ दिवस पुरायचा, आणि बाहेर ठेवलेला ब्रेड काही आठ दिवस टिकत नाही. पावसाळी दमटपणात तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्या कोपऱ्यावर हिरवट ठिपका उगवतो.

म्हणून आधी मी तो फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवत असे. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे इथे सांगितलेच पाहिजे, कारण त्याने माझी चूक अधिक लाजिरवाणी होते. फ्रिजमध्ये ब्रेडला बुरशी उशिरा लागते हे खरे, पण तो दुसऱ्याच दिवशी भुसभुशीत आणि कडक होतो, आणि पिशवी कितीही घट्ट बांधली तरी होतो. मला वाटायचे, फ्रिजची हवा त्याला कोरडे करते. वास्तविक १८५२ सालीच बूसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की ब्रेड शिळा होतो तो वाळल्यामुळे नव्हे. पाणी जराही उडू न देता बंद करून ठेवलेला ब्रेडही शिळा होतो, आणि तोच सुमारे ६० अंशांपर्यंत तापवला की पुन्हा मऊ होतो. भट्टीत पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, त्याची रचना सैल होते, आणि ब्रेड थंड झाल्यापासून ती रचना हळूहळू पुन्हा आवळत जाते. स्टार्चचे रेणू एकमेकांजवळ येऊन ओळीने बसतात आणि मऊपणा जातो. ही आवळण्याची क्रिया सर्वांत वेगाने चालते ती गोठणबिंदूच्या जरा वर, म्हणजे बरोबर फ्रिजच्या खालच्या कप्प्यातल्या तापमानाला. ज्या जागी आपण ब्रेड ताजा राहावा म्हणून ठेवतो, तीच त्याला शिळे करण्याची सर्वांत चांगली जागा ठरते. फ्रीझरमध्ये मात्र, उणे १८ अंशांच्या आसपास, पाणीच जागच्या जागी थिजते आणि रेणूंची ही हालचाल जवळजवळ थांबते.

हे सगळे सासूबाईंना कोणी सांगितलेले नाही, आणि तरी त्या जन्मभर हेच करत आल्या आहेत. रात्रीची भाकरी सकाळी ताठ होते, मग तिच्यावर पाण्याचा हबका मारून त्या ती तव्यावर टाकतात आणि ताटात येईपर्यंत ती पुन्हा लवते. शिळ्या भातालाही त्या तशीच वाफ देतात. ६० अंश हा आकडा त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. भाकरी पुन्हा थंड झाली की पहिल्यापेक्षाही वाईट होते, हेही त्यांना ठाऊक आहे. म्हणून ‘गरम शे तोपर्यंत खाई ले’ हा आमच्या घरात आग्रह नसून सूचना असते.

तर मी ब्रेड फ्रीझरमध्ये हलवला. पुडा दुकानातून आणला, दोन स्लाइस काढले, पिशवीच्या तोंडाला पीळ दिला आणि वर ठेवून दिला. एवढे केले की काम झाले, अशी माझी समजूत होती. आमचा फ्रिज एकदाराचा, जुना. त्याच्या फ्रीझरच्या भिंतींवर बर्फाचा थर चढतो आणि बाहेरचे दार उघडले की आतल्या झडपेच्या फटींतून ऊब शिरते. चार दिवसांनी पुडा ओढायला गेले तर तो भिंतीला चिकटून बसलेला. जोर लावला तेव्हा पिशवीची एक बाजू भिंतीवरच राहिली. दुसऱ्या पुड्याच्या वेळी मी त्यावर बेकरीतली एक करकरीत पारदर्शक पिशवी चढवली, ती हात लागताच काचेसारखी तडकली. या दोन पिशव्यांतला फरक मला तेव्हा कुतूहलाचा वाटला होता. ब्रेडची मऊ, छापील पिशवी साधारणपणे पॉलिथिनची असते, दुधाच्या पिशवीच्या जातीची. ती फ्रीझरच्या थंडीतही लवचीक राहते, पण इतकी पातळ असते की ओढाताण सोसत नाही. करकरणारी पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. दिसायला देखणी, पण तापमान शून्याच्या खाली उतरू लागले की ती ठिसूळ होते. दुकानदाराच्या फळीवर चार दिवस काढायला दोन्ही पिशव्या पुरेशा आहेत. फ्रीझरमध्ये महिना काढण्यासाठी त्या केलेल्याच नाहीत.

पातळ पॉलिथिनमधून पाण्याची वाफ फारशी जात नाही, पण वास जातो. हे मला भरताने शिकवले. हिवाळ्यात आमच्याकडे शेतातली हिरवी भरीताची वांगी येतात, ती तुरीच्या काड्यांवर भाजून, सोलून, त्यांचा गर मुलासाठी डब्यांत भरून मी गोठवून ठेवते. त्या डब्याच्या शेजारी ब्रेड पंधरा दिवस राहिला. एका सकाळी सासूबाईंनी दुधातला पहिला घास घेतला आणि थांबल्या. मीही चव पाहिली. दुधाला काड्यांच्या धुराचा आणि भाजल्या वांग्याचा वास येत होता. भरताबद्दल आम्हा खानदेशी माणसांना इतके प्रेम आहे की ही तक्रार बाहेर कोणाला सांगण्यासारखी नाही, पण दुधात ते प्रेम चालत नाही.

आणि मग ते पाणी. फ्रीझरमधून काढलेल्या पुड्यात पिशवीच्या आतल्या बाजूला पांढरा भुगा साचलेला असतो, हिवाळ्यात केळीच्या पानांवर दहिवर धरावे तसा. पुष्कळांना वाटते की हे बाहेरून आलेले पाणी आहे. ते ब्रेडचेच असते. ब्रेडच्या वजनातला एक तृतीयांशाहून अधिक भाग पाणीच असतो. फ्रीझरचे तापमान थोडे वर जाते, थोडे खाली येते, आणि प्रत्येक हेलकाव्याला स्लाइसमधला बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन बाहेर पडतो. पिशवीत जी पोकळी असते तिच्यातून ती वाफ थंड प्लॅस्टिकवर जाऊन पुन्हा गोठते. संप्लवन. वर्गात मी कापराचे आणि डांबराच्या गोळ्यांचे उदाहरण देते, आता ब्रेडचेही देते. पिशवीत जितकी हवा जास्त, तितका हा प्रवास सोपा. त्यातून स्लाइसच्या कडा पांढुरक्या आणि रुक्ष होतात आणि वरचे तांबूस कवच सालीसारखे सुटून येते. पुडा बाहेर काढून ठेवला की तो भुगा वितळतो, आणि जे पाणी मूळचे गाभ्यातले होते ते आता एकाच स्लाइसच्या पाठीवर ओले लागते. मधला स्लाइस कोरडा आणि शेवटचा लिबलिबीत, असा तो प्रकार.

त्यात भारनियमन. आमच्या गच्चीवरून दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्यांच्याकडे पाहत अंधारात बसण्याचा अनुभव भुसावळकरांना नवा नाही, आणि त्यावर आम्ही एकमेकांना सांगायचे विनोदही आता संपले आहेत. त्या एप्रिलच्या दिवशी सकाळी दहाला वीज गेली होती, ती अडीचला आली. साडेचार तासांत त्या छोट्या फ्रीझरमधला ब्रेड वितळला असणार, आतल्या भुग्याचे पाणी झाले असणार. सासूबाईंनी पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला, वरून थेंब गळताना पाहिले, पुडा चाचपला आणि तो ओला लागला. बुरशी थंडीने मरत नाही, नुसती झोपते, आणि ओल आणि ऊब मिळाली की जागी होते, हे मी मुलांना शिकवते. त्यांनी ते शिकवले नाही. त्या पुडा घेऊन जिना चढल्या.

त्यांनी पाहिले ते बरोबरच पाहिले होते. त्याला पाणी सुटलेच होते.

ज्या मुलखात एप्रिल-मेचे ऊन असे पडते, तिथे टिकवायच्या वस्तूला ओल असणे हा दोषच धरला जातो. सासूबाईंच्या उमेदीत उन्हाळा म्हणजे वाळवणे. उडदाचे पापड, कुरडया, शेवया, गवारीच्या शेंगा, कैरीच्या फोडी, आणि सगळ्यांत कष्टाच्या बिबड्या. ज्वारी भिजवायची, कांडायची, दळायची, पहाटे मोठ्या पातेल्यात तिचे पीठ शिजवायचे आणि ऊन चढायच्या आत गरम गरम थापून खाटेवर घालायचे. हात पोळतात, आणि पोळले नाहीत तर बिबडी जाड होते. संध्याकाळपर्यंत ती कागदासारखी वाजू लागते आणि मग वर्षभर डब्यात राहते. शिजलेला स्टार्च आणि त्यातले पाणी, प्रश्न तोच. बिबडीत ते पाणी उन्हाला देऊन टाकतात, फ्रीझरमध्ये त्याला हलू देत नाहीत. सासूबाईंनी ब्रेडकडे पाहिले तेव्हा त्यांना शिजवलेल्या पिठाची एक ओली वस्तू दिसली असणार. तिचे काय करायचे हे त्यांना सत्तर वर्षांपासून माहीत होते. मी घातलेली त्या पातळ पिशवीतली पंधरा दिवसांची काळजी त्यांना दिसण्याचे काही कारण नव्हते.

त्या संध्याकाळी मी रागातच होते, तरी मी एक गोष्ट केली जी मला आजही थोडी क्षुद्र वाटते. मी वाळलेला एक स्लाइस स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. फ्रीझरमध्ये ठेवण्यापूर्वी एक स्लाइस २६ ग्रॅम भरला होता. आता तो १७ भरला. म्हणजे एका दुपारच्या उन्हाने त्यातले जवळजवळ सगळे पाणी काढून घेतले होते. मी तो वाकवून पाहिला तर कट्कन मोडला. आतून तो पांढरा, स्वच्छ होता. बेकरीवाला सायकलवर घेऊन येतो त्या टोस्टसारखा, फक्त गोडवा नाही आणि भाजल्याचा रंग नाही. वांग्याचा वासही उन्हाने जवळपास नेला होता. सासूबाईंनी काही न बोलता बाकीचे स्लाइस मोजून पत्र्याच्या डब्यात भरले आणि झाकणाखाली कागद घालून डबा फळीवर ठेवला. मी रात्री दुसरा ब्रेड आणला.

तो डबा मी बरेच दिवस उघडला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पहिल्या पावसाच्या संध्याकाळी मला चहाबरोबर काहीतरी हवे होते, तेव्हा हात आपोआप त्या डब्याकडे गेला. दीड महिन्यानंतरही एकाही तुकड्याला ठिपका नव्हता. चहात बुडवला की तो अगदी नेमका भिजायचा. त्यानंतर रोज एक असे मी ते संपवले. सासूबाईंनी एकही खाल्ला नाही. त्यांना तो चावण्यासारखा नव्हता, आणि बुडवून द्यायला गेले तर ‘तूच खा’ म्हणाल्या. मी जो ब्रेड त्यांच्यासाठी मऊ ठेवायची धडपड करत होते, तो त्यांनी वाळवून अखेर मला खाऊ घातला, आणि मी त्यांच्यावर ओरडले होते. माफी मी मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. मी फक्त एकदा म्हणाले की टोस्ट छान झाले होते. त्या ‘हूं’ म्हणाल्या.

ब्रेड फ्रीझरमध्ये ठेवणे मात्र मी सोडले नाही, कारण त्यांना लागतो तो मऊ ब्रेड उन्हातून मिळत नाही. आता मी तो आणला त्याच दिवशी गोठवते, कारण शिळा होऊ लागलेला ब्रेड फ्रीझरमधून ताजा होऊन बाहेर येत नाही, जसा आत गेला तसाच थांबतो. चार-चार स्लाइसच्या जुड्या करते, प्रत्येक जुडी जाड पिशवीत घालून तळहाताने हवा दाबून काढते आणि सगळ्या जुड्या झाकणाच्या डब्यात ठेवते, म्हणजे भिंतीला काही चिकटत नाही आणि भरताची गाठ पडत नाही. जाड पिशव्या मिळणे हे एक वेगळेच प्रकरण. २०१८ च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा सासूबाईंच्या गादीखालचा घडी घातलेल्या पिशव्यांचा साठा मी हसण्यावारी नेला होता. आता मी त्यातूनच मागून घेते. एकदा छापील पिशवी उलटी करून वापरायला गेले तर त्यांनीच हात धरला. शाई आत येते, आणि शाई खाण्याच्या वस्तूला लागू नये, एवढे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यात काही चूक नव्हती. सकाळी लागणारी जुडी मी रात्री पिशवी न उघडता बाहेर काढून ठेवते. म्हणजे हवेतली ओल पिशवीच्या बाहेर धरते आणि आतले पाणी आतच परत मुरते. विसरले तर गोठलेलाच स्लाइस झाकण घालून तव्यावर टाकते.

या ऑगस्टमध्ये पुन्हा तसेच झाले. रविवार होता, सकाळपासून झड लागलेली, आणि वीज आठपासून गेलेली. दुपारी एकच्या सुमारास मी वह्या तपासत बसले होते, तेव्हा सासूबाई ब्रेडचा डबा घेऊन माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एक जुडी बाहेर काढली, पिशवीवरून अंगठा फिरवला आणि आतला थेंब मला दाखवला. ‘आते ह्या बी वाळू घालू का?’ त्यांनी विचारले. त्या विचारण्यात टोमणा होता की नाही, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही. मी उत्तर शोधत होते तोवर त्यांनीच खिडकीबाहेर पाहिले. गच्चीची पन्हाळ धो धो वाहत होती.

‘ऊन कथं शे?’ त्या म्हणाल्या, ‘कढई ठेव.’

मी कांदा चिरला, त्यांनी बसल्या जागी बाराही स्लाइस हाताने कुस्करले, शिळ्या भाकरीचे कुस्करतात तसे, कवचाचे तुकडे वेगळे आणि गाभा वेगळा. शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण, हळद. ओलसर होते म्हणून पाण्याचा हबका मारावा लागला नाही. बशीत घेतल्यावर त्यांनी आधी वास घेतला आणि विचारले, भरताचा डबा संपला का. मी म्हणाले, मेमध्येच संपला.